कैरोला फुकट मुक्काम

भैयासाहेब मोहित्यांचा पिरॅमिड देवासात सगळ्यांना ठाऊक होता. टेकडीखालोखाल गावातली उंच वस्तू तीच. फरक एवढाच, की टेकडी आपली एकदाच उभी राहिलेली होती आणि पिरॅमिड मोहित्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी नव्यानं उभा राहायचा.

गोष्ट सुरू व्हायची ती पहिल्या जर्मन लढाईपासून. भैयासाहेब तेव्हा मिसरूड फुटलेले पोरगे. फौजेच्या खेचरांची मोजदाद ठेवायला म्हणून मिसरात गेले. तिथं पिरॅमिडच्या पायथ्याशी अहमद नावाचा एक उंटवाला रडत बसला होता. उंट आजारी. भैयासाहेबांनी त्याला हिंग-गुळाचा गोळा चारला, वरून मालव्यातल्या शेवेची पूड. उंट उठला, आणि जो पळत सुटला तो अहमदनं दुसऱ्या उंटावरून पाठलाग केला तेव्हा सापडला. त्या दिवसापासून अहमद जिवाचा दोस्त.

"आज इतक्या वर्षांनी गेलो ना," भैयासाहेब सेव-परमलचा, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांचा, बकाणा भरून म्हणायचे, "तरी अहमद लांबून ओळखेल. धावत येईल अन् मिठी मारेल."

उंट कधी एक असायचा, कधी सात. ओट्यावर माणसं किती जमली त्यावर ते ठरायचं.

दाराच्या आत उमाबाई गहू निवडत बसलेल्या असायच्या. भैयासाहेबांच्या त्या पत्नी, माहेर धारचं. पिरॅमिडमधलं खरं काय ते भैयासाहेबांखेरीज आता त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, सांगून टाकलं होतं: "गालगुंड झालं गं त्याला बोटीवर. सुएझपर्यंत गेला, अन् मफलर गुंडाळून तसाच परत आला. खिडकीतून वाळू दिसली म्हणाला."

उमाबाईंनी ती वाळू पोटात ठेवली. नवरा खोटं बोलतो असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही. भैयासाहेब संस्थानात फरासखान्याचे अधिकारी होते. तंबू, शामियाने, गालिचे सगळे त्यांच्या हाताखाली. सकाळी नुसते बांबू आणि कापडाची ठाणं पडलेली असायची, आणि दिवेलागणीला तिथं दरबार भरायचा. एकदा तर त्यांनी असा शामियाना उभारला होता, की एका टोकाला नवरीला हळद लागली आणि वऱ्हाडी चालत दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा तिच्या मुलाचं बारसं चाललं होतं. आता ज्याचं कामच हे, त्यानं वाळूच्या एका खिडकीतून पिरॅमिड उभा केला तर त्यात नवल ते काय? उमाबाईंना उलट अप्रूप वाटायचं. आपल्याला हे जन्मात जमणार नाही, असं त्या मनाशी म्हणायच्या.

आणि ते खरंच होतं. उमाबाईंना थाप मारता येत नसे. गवळी आणि गिऱ्हाईक यांच्यात दुधावरून जुंपली, तर दोघंही निवाड्याला त्यांच्याकडेच यायचे.

अठ्ठेचाळीस साली संस्थानं गेली. देवासात ती एकाच गावात दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि मधल्या रस्त्याची एक बाजू याची तर दुसरी त्याची. नव्या नवरीला धारहून आल्यावर हे समजेना, तेव्हा भैयासाहेबांनीच समजावलं होतं. "हे बघ, आपल्या पातीतला टांगा केला अन् घोडा रस्त्यापलीकडे अडला, तर त्या पातीचा टांगेवाला पुढं नेतो. भाडं आपण एकदाच द्यायचं. ते दोघं आपापसांत काय ते बघून घेतात." हेही त्यांनी सजवून सांगितलं असेल. पण उमाबाईंच्या मनात ते पक्कं बसलं.

तर संस्थानं गेली आणि फरासखान्याचा लिलाव झाला. भैयासाहेबांच्या शामियान्यांची लोकांनी पोती शिवली. पगडी खुंटीला लागली. राहिला तो एक पिरॅमिड. तेवढ्यासाठी संध्याकाळी धुतलेला सदरा घालून ते ओट्यावर बसायचे, आणि अहमद धावत यायचा तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या दरबाराचा उजेड पडायचा.

आणि पंचावन्न साली मुलानं घोटाळा केला. भास्कर विलायतेत इंजिनियर होता. त्यानं आईबापांची विमानाची तिकिटं तिकडूनच काढली आणि कळवलं, मुंबईच्या ऑफिसातून घ्या आणि या. मुंबई ते लंडन, वाटेत कैरो.

ही बातमी समोरच्या जयसिंगरावांनी ऐकली. रस्ता ओलांडला की त्यांचं घर, म्हणजे संस्थानं होती तोवर परराज्य. धाकट्या पातीत ते फौजदार होते. फौजदारी गेली तरी उलटतपासणीची सवय काही गेली नव्हती.

"भैयासाहेब," ते ओट्यावर टेकत म्हणाले, "विमान कैरोवरून जातं म्हणे."

"जातं ना."

"म्हणजे अहमद भेटणार."

"भेटेल की."

"तुमचं नाही विचारत मी, भिया. तुम्हाला तो इथं बसल्या बसल्या पण रोज भेटतो." ओट्यावर हशा झाला. जयसिंगरावांनी दाराकडे मान वळवली. "वहिनी, तुम्ही परत आल्यावर सांगायचं. आला तर आला म्हणा, नाही तर नाही. तुमचा शब्द अख्खी गल्ली मानेल."

आतून गहू निवडण्याचा आवाज थांबला.

"सांगेन," उमाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून ओट्यावर पिरॅमिड उभा राहिला नाही. मंडळी जमायची, सेव-परमल संपायचं, कन्नौदच्या बाजारात गव्हाचा भाव काय झाला यावर बोलणं व्हायचं. भैयासाहेब आपले हूं हूं करत. एक दिवस तर त्यांनी सदराही बदलला नाही. उमाबाईंनी पाहिलं, नवरा बसल्या जागी लहान दिसायला लागलाय. तंबूचा मधला बांबू काढला की कापड कसं खाली येतं, तसा.

मग कुणीतरी माहिती आणली, की विमान कैरोला तासभर थांबतं, तेल घेतं आणि उडतं. भैयासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "तासाभरात काय होणार?" ते दोनतीनदा मोठ्यानं म्हणाले. "अहमदला निरोप पोचेपर्यंत आपण आभाळात." परत आल्यावर सांगायचं ते त्यांनी तयारच करून ठेवलं होतं.

उमाबाईंना मात्र ते पुरेना. उतरलोच नाही असं सांगितलं की अब्रू वाचेल, हे खरं. पण पिरॅमिडवरून उडत जाऊन न बघता आलेल्या माणसाचा पिरॅमिड उद्या कोण ऐकणार? ऐकतील, मान राखायला ऐकतील. ओट्यावर अशी मान राखलेली बैठक त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी ठरवलं, यांना पिरॅमिड दाखवायचा. अहमदचं पुढं बघू. आधी दगड तरी खरे होऊ देत.

निघायच्या आधी परकराचं कापड आणायच्या निमित्तानं त्या तोलारामच्या दुकानात गेल्या. फाळणीनंतर देवासात आलेला तो सिंधी कापडवाला. त्याचा मेहुणा कैरोत दुकान चालवतो, हे तो गिऱ्हाइकांना हटकून सांगायचा. उमाबाईंनी पत्ता मागितला, परकराच्या घडीत ठेवला आणि घरी चकार शब्द काढला नाही.

मुंबईत विमान कंपनीच्या ऑफिसात थंडगार हवा होती आणि चालणाऱ्याचं पाऊल बुडेल असा गालिचा. भैयासाहेबांनी सवयीनं त्याचा कोपरा उलटून वीण पाहिली आणि नाक मुरडून कोचावर जाऊन बसले. टेबलापाशी चारुलता नावाची मुलगी होती. कोटाला बिल्ला, बोलणं गोड. तिनं तिकिटं पुढं केली. ती नुसती कागदाची चोपडी. उमाबाईंनी ती हातात घेतली नाहीत.

"बाई गं, मला एक सांग. आमच्या धारहून मांडूला बैलगाडीनं जायचं तर वाटेत नालछ्याला मुक्काम करत. भाडं मांडूचं ठरलेलं. नालछ्याला रात्र काढली म्हणून गाडीवान जास्तीचं मागत नसे. मांडू काही त्यानं लांब जात नाही ना."

"बरोबर," चारुलता म्हणाली. बैलगाडी कुठं चाललीय ते तिला कळत नव्हतं, पण गंमत वाटत होती.

"तसं कैरोला आम्ही उतरलो, आणि चार दिवसांनी पुन्हा चढलो, तर?"

कोचावरून खोकला आला. भैयासाहेब उठून जवळ आले. "अगं, त्यांना कशाला त्रास? विमान म्हणजे काय बैलगाडी आहे? भाडं दुप्पट होईल."

चारुलतानं एक जाडजूड पुस्तक ओढलं, पानं उलटली आणि हसली. "नाही होणार, काका. तिकीट लंडनपर्यंतचं आहे. विमान वाटेत जिथं उतरतं तिथं तुम्हीही उतरू शकता, राहू शकता. भाडं तेच. फक्त पुढच्या विमानात जागा आधी धरून ठेवायची."

"एक पैसा जास्त नाही?"

"एक पैसा नाही. राहायचं-जेवायचं तेवढं तुमचं तुम्ही."

भैयासाहेबांचा चेहरा उतरला. जन्मभर त्यांनी मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या, पण इतकी अशक्य गोष्ट त्यांनाही सुचली नव्हती.

चारुलतानं फोन उचलला, कुणाशी तरी बोलली आणि तिचा सूर बदलला. "अडचण आहे. त्या आठवड्यातली आमची विमानं कैरोहून पुढं भरलेली आहेत. पंधरवडाभर जागा नाही."

"राहिलं तर," भैयासाहेब झटकन म्हणाले. "चल. भास्कर वाट बघत असेल."

उमाबाई हलल्या नाहीत. त्यांच्या मते यात अडण्यासारखं काही नव्हतंच. देवासात एक टांगा अडला तर कुणी रस्त्यात बसून राहत नसे.

"हे तुमच्या पातीचं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्या पातीचं विमान कधी आहे?"

"दुसऱ्या पातीचं?"

"म्हणजे तुम्ही थोरली असाल तर धाकट्या पातीचं. कैरोहून लंडनला जाणारं. त्यांना म्हणावं, भाडं आम्ही इकडे दिलंय, आता तुम्ही पुढं न्या. पैशाचं तुम्ही दोघं मागाहून बघून घ्या."

विमानांची जगभर दोन संस्थानं असणार आणि रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्याचं असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. देवासबाहेरच्या कुणाला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी बोलायची लाज वाटली असती. चारुलता उठून आत साहेबाकडे गेली. काचेपलीकडे साहेब आधी हसला, मग हसायचा थांबला, मग त्यानं फोन लावला. चारुलता बाहेर आली ती दोन्ही चोपड्यांवर एकेक निळा शिक्का घेऊन.

"बाई, झालं. दुसऱ्या कंपनीचं विमान आहे, जागाही आहे. आमचंच तिकीट ते घेतील, तसा रिवाज आहे. तुम्हाला कुणी सांगितलं हो हे?"

"यांनी," उमाबाई म्हणाल्या आणि भैयासाहेबांकडे बोट केलं. "आमच्या लग्नात सांगितलं होतं."

भैयासाहेब खिडकीबाहेर बघत होते. मिसरच्या वकिलातीचा शिक्का लागेल, असं चारुलतानं सांगितलं तेव्हा ते पुन्हा आशेनं वळले. तोही मिळाला. राहणार कुठं, असं त्यांनी विचारलं तेव्हा परकराच्या घडीतून तोलारामच्या मेहुण्याचा पत्ता बाहेर आला. मग मात्र त्यांनी हात टेकले. बायकोकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की जणू तेवढा मोठा शामियाना आपल्याच घरात इतकी वर्षं घडी करून ठेवलेला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

कैरोत तोलारामचा मेहुणा दुकानाच्या माडीवर त्यांना घेऊन गेला आणि सिंधी पाहुणचारानं त्यांना पुरतं आडवं केलं. पहिल्या दिवशी भैयासाहेब म्हणाले, गुडघा धरलाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हवेत धूळ फार. उमाबाईंनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्याला तेल चोळलं, तोंडाला उपरणं बांधायला दिलं, शेवेची पुरचुंडी घेतली आणि ट्रामपाशी नेऊन उभं केलं.

ट्राम गावाबाहेर निघाली. भैयासाहेब चपलांकडे बघत बसले होते. उमाबाईंनाही आता धाकधूक वाटू लागली. दगड दिसतील, ते ठीक. पण परत गेल्यावर ओट्यावर प्रश्न दगडाचा नव्हता, अहमदचा होता. आणि उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

ट्राम थांबली, दोघं उतरून चालू लागले आणि एका वळणावर तो पुढं आला.

भैयासाहेब थांबले. त्यांची मान हळूहळू वर जात राहिली, जात राहिली, आणि टोपी मागं वाळूत पडली. तीही त्यांनी उचलली नाही. ज्या तोंडाला उभ्या जन्मात उसंत नव्हती, ते नुसतं उघडं राहिलं. मांडूचा अख्खा जहाज महाल त्याच्या एका कोपऱ्यात लपवला असता तर पुरातत्त्ववाल्यांना पुन्हा शोधून काढावा लागला असता.

मग ते म्हणाले, "अगं."

"काय?"

"मी फारच कमी सांगत आलो गं."

उमाबाईंनी टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. डोळ्यांत वाळू गेली म्हणून पदर लावला.

तेवढ्यात लांबून आरोळी आली. उंटाची दोरी हातात धरून एकजण लांब झग्यात पाय अडकवत धावत येत होता. दोन लढायांत हिंदुस्थानी फौजा इथं येऊन गेल्या होत्या. त्यांचं हिंदी त्यानं, किंवा त्याच्या बापानं, तेवढं जपून ठेवलं होतं.

"हिंदी! दोस्त!" तो जवळ येऊन म्हणाला. "कहाँ था इतना दिन?" आणि त्यानं भैयासाहेबांना अशी मिठी मारली की त्यांची टोपी पुन्हा पडली.

भैयासाहेब मिठीत ताठ उभे. उमाबाईंनी उंटवाल्याला विचारलं, "नाम क्या है, भैया?"

"अहमद," तो म्हणाला.

माणूस असेल तिशीच्या आतबाहेर. पहिल्या लढाईच्या वेळी तो जन्मालाही आला नसणार. मिठीतून मान काढून भैयासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बघ," भैयासाहेब घसा साफ करून म्हणाले, "जरासुद्धा बदलला नाही."

"इथली हवा चांगली असेल," उमाबाई म्हणाल्या आणि शेवेची पुरचुंडी सोडली.

अहमदनं शेव खाल्ली, उंटानंही खाल्ली. मग नव्या ट्राममधून एक लठ्ठ गोरा साहेब उतरला आणि अहमद "दोस्त!" असं इंग्रजीत ओरडत तिकडे धावला. उमाबाईंनी नवऱ्याचा दंड धरून त्यांना पिरॅमिडकडे वळवलं. "त्या वरच्या थरावर काय आहे हो, नीट दाखवा बघू," त्या म्हणाल्या, आणि भैयासाहेब दाखवू लागले.

दुसऱ्या दिवशी धाकट्या पातीच्या विमानानं त्यांना लंडनला नेलं. कुणी एक पैसा मागितला नाही.

विलायतेहून परत आले तेव्हा देवासात बाजरीची भाकरी सुरू झाली होती. पहिल्याच संध्याकाळी ओटा भरला, रस्त्यावरही माणसं बसली. भैयासाहेबांचा सदरा परीटघडीचा होता, पण ते गप्प होते. आज बोलायची पाळी त्यांची नव्हती.

"वहिनी," जयसिंगराव म्हणाले, "बाहेर येऊन सांगा. अहमद भेटला?"

उमाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "भेटला."

"ओळखलं?"

"लांबूनच धावत आला. दोस्त म्हणाला, मिठी मारली. इतके दिवस कुठं होतास, म्हणून विचारलं. ह्यांची टोपी पडली. नाव मी स्वतः विचारून घेतलं."

जयसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. फौजदारीत त्यांनी पुष्कळ साक्षी तपासल्या होत्या. ही साक्ष पोलादी होती.

"म्हातारा झाला असेल आता बिचारा."

"दिसत नाही तसा," उमाबाई म्हणाल्या.

"अन् पिरॅमिड?"

"ह्यांनी सांगितला त्याहून मोठा आहे."

जयसिंगरावांनी उठून भैयासाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले. "भिया, मानलं तुम्हाला." भैयासाहेबांना भरून आलं, आणि भरून आलेल्या माणसाचं तोंड सुटतं. त्यांनी विमानाची हकीकत सुरू केली. कैरोला उतरलो, चार दिवस राहिलो, मग दुसऱ्याच कंपनीच्या विमानात चढलो, आणि या सगळ्याचा जास्तीचा पैसा, मंडळी, एकसुद्धा नाही.

जयसिंगरावांनी हात सोडले.

"पैसा नाही?"

"एक नाही."

"विमानवाल्यांनी म्हटलं, उतरा, फिरा, वाटेल तेव्हा चढा? अन् दुसऱ्या कंपनीनं पहिलीच्या तिकिटावर नेलं?" त्यांनी मंडळींकडे पाहिलं. मंडळी खाली मान घालून हसू लागली होती. "भैयासाहेब, अहमदपर्यंत ठीक होतं. पण आता हे म्हणजे..."

भैयासाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. जन्मातली एकच निखळ खरी गोष्ट त्यांनी सांगितली होती आणि तिच्यापायी अहमद, उंट, पिरॅमिड सगळंच डळमळू लागलं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"वहिनी," जयसिंगराव म्हणाले, "तुम्ही सांगा. काहीच नाही लागलं?"

उमाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि आयुष्यातली पहिली थाप मारली.

"लागले की थोडेफार," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या लक्षात नसेल. तिकिटाचं मीच बघत होते."

"असं म्हणा ना," जयसिंगराव हसले आणि पुन्हा टेकून बसले. सगळ्या ओट्यानं सुटकेचा श्वास सोडला. सेव-परमलचं ताट फिरू लागलं.

"तर काय सांगत होतो," भैयासाहेब म्हणाले, आणि पिरॅमिड उभा राहू लागला. या खेपेला तो टेकडीच्या वर गेला. आत उमाबाईंनी गव्हाचं सूप मांडीवर घेतलं. आपली थाप काही फार मोठी नव्हती, पण पहिल्या खेपेच्या मानानं बरी उभी राहिली, असं त्यांना वाटलं.